जावयाला कोण नाही म्हणणार?

आमच्या गावात जावयाला कुणी नाही म्हणत नाही. देवळीजवळचं गाव, सगळे कपाशीवाले, आणि एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई. त्याला पाटवडीचा रस्सा आवडला का, हे दहा जण विचारतील. त्याचं काही चुकलं तर मात्र सगळ्यांची दातखीळ बसते. माझ्या ताईचे यजमान लक्ष्मणराव वर्ध्याला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. इतका शिकलेला माणूस, पण एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली नाही.

शहाण्णव साली त्यांना संशोधनाचं वेड लागलं. झोप न येणाऱ्या बायांना गोळी न देता डोक्याला तिळाचं तेल चोळायचं, सावकाश श्वास घ्यायला शिकवायचं आणि त्यानं मन किती निवतं ते तपासायचं. त्यासाठी बाया हव्या होत्या. मग गाव निवडलं कोणतं, तर सासुरवाडी! येणंजाणं सोपं आणि वर पाहुणचार. रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर बाया डोळे मिटून बसायच्या. मग लक्ष्मणराव एकेकीला विचारायचे, "झोप लागते का?" डोक्यावरचा पदर पुढे ओढून प्रत्येक बाई म्हणायची, "लय मस्त लागते, जवाईबापू." माझी काकू मनकर्णाबाई तर सगळ्यांत ठणकावून सांगायची.

त्यांचा निबंध परदेशी मासिकात छापून आला. मग काय विचारता! दिल्लीहून बोलावणं, पुण्याला शाल-श्रीफळ, मोठमोठ्या लोकांच्या पुस्तकांत लक्ष्मणरावांच्या नावाचा दाखला. कुठंकुठं तर त्यांच्या पद्धतीनं उपचारकेंद्रं निघाली. आम्हीही छाती फुगवून हिंडायचो.

काकू मात्र वाळत चालली होती. छाती धडधडायची, हात थरथरायचे. तिचा मुलगा बाबाराव तिला वर्ध्याला दवाखान्यात नेणार होता, जीपही सांगितली होती. लक्ष्मणराव म्हणाले, "काऊन नेता? त्यायले तर फरक पडून राह्यला. तेल चालू ठेवा." जावयाचा शब्द पडला. बाबारावनं जीप परत पाठवली.

पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांची एक विद्यार्थिनी, आकांक्षा, फरक टिकलाय का ते त्याच बायांना विचारायला आली. लक्ष्मणराव आणि मी आतल्या खोलीत जेवत होतो. बाहेर ओसरीवर तिनं काकूला झोपेचं विचारलं.

"झोप कायची, पोरी? मले तर कधीच लागत नाई."

"मंग सरायले लागते म्हून काऊन सांगतलं?"

"जवाई हायेत न ते. त्यायच्या तोंडावर नाई कसं म्हनाव? इथं कोनीच नाई म्हटलं."

मला हसू फुटलं. मग लक्ष्मणरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. घास ताटात टाकून ते उष्ट्या हातानंच बाहेर गेले.

"काकू, खरं सांगा, झोप लागते का?"

काकूनं घाईघाईनं पदर सावरला. "लय मस्त लागते, जवाईबापू. त्या पोरीसंग मजाक करून राह्यली होती मी."

मला लक्ष्मणरावांची लाज वाटली आणि आम्हा गाववाल्यांची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच काकूला वर्ध्याला नेलं. मी आणि बाबाराव सोबत होतो. थायरॉईडचा आजार निघाला. गोळ्यांनी आटोक्यात आला असता, पण एवढ्या वर्षांत हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं का आणलं नाही?" बाबाराव जावयाची अब्रू राखायला गप्प बसला. लक्ष्मणरावच म्हणाले, "मी आणू दिलं नाही."

निबंध मागे घ्या, असं त्यांनी मासिकाला कळवलं. मासिकानं तो मागे घेतला, पण जगभर गेलेलं आता कुणाकुणाच्या हातून काढून घेणार? पुण्याहून एका गृहस्थाचा फोन आला, तुमच्या कामाचा दाखला आम्ही नव्या पुस्तकात दिलाय म्हणून. "ते काम चुकीचं आहे हो," लक्ष्मणराव म्हणाले. "किती हा विनय!" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. त्यानंतर लक्ष्मणरावांना कुठं तोंड दाखवावंसं वाटेना. आमच्याकडे येणं तर त्यांनी बंदच केलं.

पोळ्याला ताईनं त्यांना ओढून आणलं. आम्ही सगळे जेवायला बसलो. लक्ष्मणरावांनी कुणाला काही विचारलं नाही. ताटातून नजर वर केली नाही. काकू दाराआड उभी होती. काय वाटलं कोण जाणे, ती पुढे आली आणि साऱ्यांदेखत म्हणाली, "जवाईबापू, परवा मले झोप लागली. काल नाई लागली."

लक्ष्मणरावांनी ताट बाजूला सारलं, काकूपुढे हात जोडले आणि ते रडायला लागले.