पाणी प्या, मग इकडून जा

आमचे साडू आयुष्यात कुणालाही 'नाही' म्हणाले नाहीत, आणि तरीही जे त्यांना द्यायचं नव्हतं ते त्यांच्याकडून कुणी नेऊ शकलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या कशा असू शकतात, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आता ते नाहीत. मी सावकाश लिहितो आहे, कारण घाई करावी असं काही उरलेलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. घर धर्मापुरीच्या अलीकडे, धंदा वाडवडिलांपासून मेंढरांचा. परळीला जाऊन ते संगणक शिकले, गावात ऑनलाइन सेंटर टाकलं, पण स्वभाव मेंढपाळाचाच राहिला. "मेंढरू हाकललं की दुसऱ्याच्या रानात घुसतंय," ते म्हणायचे. "त्याला वळवावं लागतंय. माणसाचं बी तसंच हाय, पावनं." हे तत्त्व ते घरीदारी सारख्याच निष्ठेनं पाळत. एकदा दारात विमा एजंट आला. साडूंनी त्याला चहा पाजला आणि पलीकडच्या गल्लीत विम्याची फार आवड असलेले एक गृहस्थ राहतात असं सांगून दुसऱ्या विमा एजंटाच्या घरी पाठवलं. दोघे दिवस मावळेपर्यंत एकमेकांना विमा विकत बसले होते. पुढे त्यांच्या मुलांची सोयरीक जमली आणि त्या लग्नात मानाचा फेटा साडूंना बांधला गेला. त्याच लग्नात स्टेजवर घुसू पाहणाऱ्या सोयऱ्यांना साडू प्रेमानं दंडाला धरून जिलेबीच्या परातीपाशी नेऊन सोडत होते, आणि सोयरे वर त्यांचेच आभार मानत होते. मेव्हणी म्हणायची, "भाजी आणा म्हणून ह्यांच्याशी बोलाया जावं, तर बोलता बोलता मीच पिशवी घिऊन बाजारात उभी असते."

अशा माणसाकडे आमच्या भागातल्या मेंढपाळ संघाची वेबसाइट आली. तिच्यातलं एक पान फक्त सभासदांसाठी होतं. आज कुणाचा कळप कुठल्या शिवारात बसला आहे, सोबत कोण आहे, फोन नंबर काय, हे सगळं त्या पानावर असे. अडीनडीला जवळचा माणूस सापडावा म्हणून. ते पान उघडं पडलं असतं तर गाडी घेऊन मेंढरं चोरत फिरणाऱ्यांना पत्ता घरपोच मिळाला असता. तेव्हा कुलूप हवंच होतं. पण कुलूप लावलं की संगणक आपला आपणच 'तुम्हाला परवानगी नाही' अशी पाटी दाखवू लागला, आणि ती पाटी पाहून साडूंना जेवण गोड लागेना. "पाव्हणा दारात आला आन् आपुन निस्तं न्हाई म्हणून दार लावायचं? कुठं जायचं ते तरी सांगावं की." मग त्यांनी येणाऱ्याच्या खात्यात नोंदलेली ओळख पाहून वाट बदलण्याची सोय केली. शेतकरी त्या बंद पानाकडे आला की 'खतासाठी रानात मेंढ्या बसवायच्या आहेत का?' या पानावर पोचायचा. व्यापारी बाजाराच्या वारांच्या पानावर. जो काहीच ओळख न देता आला, त्याच्यासाठी एक साधं पान होतं आणि त्यावर साडूंनी स्वतः लिहिलेली एकच ओळ.

सुरुवातीला एक घोटाळा झाला. ज्या पानावर लोकांना पाठवायचं त्यालाही साडूंच्या हातून कुलूप लागलं. बंद पान त्या पानाकडे पाठवी, ते पानही बंद, म्हणून तेही पुन्हा त्याच वाटेला लावी. कपिलधारकडे मेंढरं घेऊन गेलेले एक म्हातारबुवा लॉगिन करायला विसरले आणि या फेऱ्यात सापडले. त्यांचा फोन आला, "ह्ये निस्तं गोल गोल फिरायलंय बे. आता माझं डोस्कं फिरायची येळ आली." साडू दोन दिवस कुणाकडे मान वर करून बघेनात. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पावनं, ज्याला जिथं पाठवायचं, तिथलं दार आदी आपुन सोता लोटून बगावं."

खरी कसोटी लागली ती निवडणुकीच्या तोंडावर. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला सगळ्या मेंढपाळांचे नंबर हवे होते. "निस्तं नंबर तर मागतोय. मी काय मेंढरं चोरनार हाय का?" असं ते म्हणाले. साडू म्हणाले, "छ्या, साहेब, तुमचं खातंच काढून देतो." खातं काढलं, ओळखीच्या रकान्यात 'मान्यवर' असं घातलं, आणि साहेब खूश होऊन गेले. मान्यवरांनी त्या पानाला बोट लावलं की मेंढ्यांच्या लसीकरणाचं पान उघडत असे.

"आरं, ते लशीचंच येतंय," साहेबांचा फोन.

"आसं का? रेंज नसंल साहेब. परत बगा."

साहेब महिनाभर परत बघत राहिले. शेवटी त्यांच्या लक्षात आलं. सेंटरचा गाळा त्यांच्याच माणसाचा होता. तो खाली करावा लागला. मी साडूंना म्हणालो, द्या की नंबर, मोठ्या माणसाशी कशाला वाकडं? त्यांचा आवाज चढला नाही. "माझे असते तर दिले असते, पावनं. रानात बाया-लेकरं एकटी असत्यात. त्येंचा ठावठिकाणा मी कावून देऊ?" मग संगणक उचलून त्यांनी घरी ओसरीवर आणला आणि रिकाम्या गाळ्यावर पाटी लावली: 'सेंटर इकडे', खाली बाण.

पुढे त्यांच्या हृदयानं दगा दिला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आतल्या खोलीच्या दारावर प्रवेश बंद असल्याची पाटी होती. पहारेकरी माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी साडू का? आत सोडता येत न्हाई. पेशंट म्हनले, पावनं आले की लिंबाखाली पाठवा, तितं बाई एकट्या बसल्यात." मी लिंबाखाली गेलो. मेव्हणी खरोखरच एकटी बसली होती. आत गेलो असतो तरी तिथे माझा काही उपयोग नव्हता. बाहेर होता.

साडू गेल्यावर वेबसाइट माझ्याकडे आली. पुढारी भेटायला आले, ओसरीवर टेकले आणि हळूच म्हणाले, "सर, आता सगळं तुमच्याकडंच ना? तेवढं एक पान बगा." मी जन्मभर वाचनालयात बसलेला माणूस, माझ्या तोंडून नकार निघत नाही हे सगळ्या पाहुण्यांना ठाऊक आहे. मी म्हणालो, "साहेब, आधी आत जाऊन भेटा. मेव्हणी एकटी बसली आहे."

ते आत गेले. मेव्हणी रडली नाही. म्हणाली, "साहेब, औंदा लशीची गाडी आली न्हाई. ह्ये फोन करून करून थकले."

"आंत्रविषाराची तर पावसाळ्याच्या आदी व्हाया पायजे," साहेब बोलून गेले. "कोकराला येगळी, मोठ्या मेंढीला येगळी."

"तुमाला कसं म्हाईत?"

साहेबांनी हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "ह्यांनीच पाठ करून घेतलंय," ते म्हणाले, आणि तिथूनच त्यांनी फोन लावला. गाडी त्याच आठवड्यात आली.

म्हणून साहेबांनी ते पान सोडलं असं नाही. अजून त्यांचा फोन येतो. मी म्हणतो, "परत बघा साहेब. रेंज नसेल."

रोज सकाळी चहा झाला की मी ओळख न देता, परक्यासारखा त्या बंद पानाकडे जातो. कुलूप शाबूत आहे ना आणि पुढचं दार उघडं आहे ना, हे पाहायला हवं, असं मी बायकोला सांगतो. तीही मग खुर्ची ओढून शेजारी बसते. पान वळतं आणि साडूंची ओळ येते: 'चुकलात तरी हरकत न्हाई. पाणी प्या, मग इकडून जा.' आम्ही दोघं ती वाचतो, आणि थोडा वेळ कुठेच जात नाही.