सेल्वीचा पत्ता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका.

तंजावरच्या आमच्या शाळेच्या समितीवर मी नऊ वर्षं होतो. आधी वडील होते, म्हणून मग मी. लायकी कोणी पाहिली? गावात इंटरनेट नवं होतं. शेजारच्या शाळेची वेबसाइट निघाली, मग आम्ही का मागे राहावं? आमचीही काढली, आणि पहिल्या आलेल्या मुलींचे फोटो तिच्यावर टाकले. नाव, वर्ग — आणि घरचा पत्ता. पत्त्याची कल्पना माझी. मुख्याध्यापिका बाई नको म्हणत होत्या. त्यांना मी गप्प बसवलं. अक्कल पाजळायची हौस, दुसरं काय!

सेल्वी दहावीतली, जवळच्या ओरत्तनाडु गावची. तिला कुणा परक्या माणसाची घाणेरडी पत्रं येऊ लागली. मग एक दिवस तो तिच्या बसथांब्यावरच येऊन उभा राहिला. हातात तिचा फोटो — आमच्या वेबसाइटवरून छापलेला.

तिची आई तिला घेऊन समितीपुढे आली. आईला फक्त तमिळ येई. समितीतले आम्ही पाचही जण तंजावरच्या जुन्या मराठी घरांतले, आणि परक्यांदेखत काही ठरवायचं तर ते मराठीत, ही आमची जुनी खोड. कॉफीचं विचारावं तशा सुरात मी म्हणालो — पोरगीच ब्राउझिंग सेंटरमध्ये जाऊन इंटरनेटवर कुणाशी बोलली, असं लिहून टाकू, शाळा मोकळी. चोराच्या उलट्या बोंबा! चौघांनी माना डोलावल्या.

आणि सेल्वी? माझ्या भाचीबरोबर दोन वर्षं आमच्याच ओट्यावर तिने अभ्यास केला होता. हे मला ठाऊक नव्हतं? होतं. विसरलो — छे, विसरलोही नाही. ती माझ्या हिशेबातच नव्हती.

"मामा, मज समजतें," ती म्हणाली, आमच्याच घरच्या मराठीत.

आईने तिला काय म्हणालीस म्हणून विचारलं. मग मी तेच खोटं आईला तमिळमध्ये वाचून दाखवलं, सेल्वीच्या डोळ्यांदेखत. आईने तिची शाळा सोडवली.

माझा मला संताप येतो, तो एवढ्यावरच थांबत नाही. तिचा फोटो, तिचा पत्ता त्यानंतरही वर्षभर वेबसाइटवर होता. उतरवायला माझी सही लागत होती. बाईंनी तीनदा कागद पुढे केला. मी सही केली नाही. उतरवला असता, तर चूक आमची होती असं झालं असतं.