खालच्या कप्प्यातली सलामी

सोळा सोमवार धरले तेव्हा मी महादेवाला सांगितलं होतं, "आमच्या निखिलचं लग्न होऊ दे. जी कोणी सून देशील, तिला या घरात परकं वाटू देणार नाही. हा माझा शब्द!" डोळ्यांपुढे होती कोथरूडची एखादी मुलगी. आली इटलीची एलेना! आणि तिच्यामागोमाग आली सलामी. मसाला लावून, महिनोन् महिने टांगून वाळवलेलं डुकराच्या मांसाचं दंडुकं म्हणा ना!

तेव्हापासून आमच्या सिंगापूरच्या, बिशानमधल्या घरात किस्से असे साठलेत, की गुरुवारी भजन संपून चहा आला की मैत्रिणींचं सुरूच, "हं, सलामीचं नवीन काय?" ओट्याखालच्या प्लास्टिकच्या डब्यांसारखं झालंय. एक काढायला जावं, तर चार अंगावर येतात!

*

पहिली सलामी मला दिसली नाही, तिचा वास आला. एलेनाच्या कपड्यांच्या कपाटातून! आमचं घर शाकाहारी, देव्हारा स्वयंपाकघराला लागून. म्हणून बिचारीनं ती स्वेटरखाली दडवलेली. आणि इथली ही दमट हवा! बाहेर काढली तर अंगभर हिरवी-काळी बुरशी. फेकूनच द्यावी लागली. एलेना रडकुंडीला आलेली.

"अगं, लपवलीस कशाला?"

"आई, तुमचे देव रागावतील."

शब्द दिलेला मी, आणि चोरून खायची वेळ हिच्यावर! त्याच दिवशी फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा केला. कोथिंबीर, मिरच्या, आलं, सगळं वर. तिची सुरी वेगळी, चॉपिंग बोर्ड वेगळा.

"हा कप्पा तुझा," म्हटलं. "देवांचं मी बघते!"

*

पण मग आमच्या घरातले फोटोग्राफर, म्हणजे आमचे हे, पुढे सरसावले. लेन्सना बुरशी लागू नये म्हणून ह्यांनी विजेवर चालणारं एक कोरडं कपाट घेतलंय. त्याला आम्ही कोणी हात लावायचा नाही!

"सलामीला काय हवं? कोरडी हवा. माझ्याकडे आहे की!" असं म्हणून ह्यांनी नवी सलामी दोन लेन्सच्या मधोमध निजवली.

काही आठवड्यांनी काढली, तर लाटणं! सुरी आत शिरेना. एलेनानं ओट्यावर आपटून पाहिली. ठण्ण! लेन्सना लसणाचा वास, तो वेगळाच.

हे शांतपणे म्हणाले, "बुरशी लागली का? नाही ना? मग!"

*

मग मी स्वतः लक्ष घातलं. माझी लोणची वर्षभर टिकतात, ही काय चीज! प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली, वर हवाबंद डबा. आठवड्यात तिला घाम फुटला. चिकचिकीत झाली.

एलेनानं मला समोर बसवून शिकवलं. सलामीला श्वास घेऊ द्यायचा. कागदात नाहीतर सुती कापडात सैल गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची. कापल्यावर फक्त कापलेलं तोंड झाकायचं. खायच्या आधी थोडा वेळ बाहेर काढायची, लागेल तेवढीच साल सोलायची, पातळ कापायची. आणि अंगावरचा पांढरा पिठासारखा थर चांगला असतो, त्याला घाबरायचं नाही.

मी ताबडतोब दोरीवरचं एक स्वच्छ, मऊ कापड आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी हे आंघोळ करून बाहेर आले. "अगं, माझा पूजेचा पंचा कुठाय?"

मी काही बोलायच्या आत एलेना म्हणाली, "बाबा, आज सलामी नेसली आहे!"

*

पांढऱ्या थरावरून आठवल्या सुमनताई. शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात, मासे-मटण सगळं खातात. मी तापानं झोपले होते तेव्हा मदतीला आल्या आणि खालचा कप्पा उघडला.

"अगंबाई, बुरशी! आणि हे तर कच्चंच आहे!"

सलामी घेऊन थेट आपल्या घरी गेल्या. काथ्यानं घासली, साबणानं धुतली, कुकरला तीन शिट्ट्या दिल्या, वर मालवणी मसाला! संध्याकाळी लालभडक तर्रीचा रस्सा घेऊन हजर.

एलेना ऑफिसातून आली. भांड्यात डोकावून तिनं आपली सलामी ओळखली. मग पाव बुडवून खाल्ला. डोळ्यांत पाणी. तिखटानं की कशानं, देव जाणे.

"सुमनताई, रस्सा एकदम मस्त! फक्त माझ्या पप्पांना कधीही सांगू नका!"

*

आता परवाचं सांगते.

दर रविवारी सकाळी एलेना सलामी कापणार, पावाबरोबर खाणार, हे ठरलेलं. पण हल्ली कितीतरी रविवार ती कप्प्याकडे फिरकलीच नाही. सलामीचं कापलेलं तोंड सुकून कडक झालं. पोरगी ऑफिसातून यायची आणि न जेवता आडवी व्हायची. त्यात निखिल म्हणाला, "आई, हे घर आता लहान पडणार गं. वुडलँड्सला मोठं बघतोय."

मी आठवू लागले. गुरुवारी भजनाला आलेल्या कुणी फ्रीज उघडून नाक मुरडलं का? हिला काही बोललं का? माझा शब्द मोडला की काय? छे, मोडू द्यायचाच नाही!

रविवारी आंघोळ केली, पूजा आटोपली, हातमोजे चढवले आणि "शंभो" म्हणून कप्पा उघडला. सलामीवर सुरी चालवायची, तीही जन्मात पहिल्यांदा! कडक झालेला तुकडा काढून टाकला, साल सोलली, कागदासारख्या पातळ चकत्या केल्या. पाव ठेवला. बशी तिच्यापुढे नेली.

"एलेना, खा. हे घर तुझं आहे. तू कुठेही जायचं नाहीस!"

तिनं बशीकडे पाहिलं, माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि मला घट्ट मिठी मारली. "आई, किती छान कापली! पण मला नाही चालणार."

"का? कोण काय बोललं तुला? नाव सांग!"

"डॉक्टर बोलले. आता सात महिने सलामी बंद."

निखिल खिडकीबाहेर बघून हसायला लागला. ह्यांच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

मी हातमोजे काढले, हात धुतले आणि देवापुढे साखर ठेवली. तुम्हीही आपापल्या देवापुढे चिमूटभर ठेवा गं, बायांनो.