पेपर वाचायचा चष्मा

मार्चचा दुसरा शनिवार. नवऱ्यासाठी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच भिंगातून लांबचं आणि जवळचं दिसणारा चष्मा करायला आम्ही दादरच्या दुकानात गेलो. नवरा बासष्टचा, तरी रविवारी क्लबात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनचं विमान उडवतो. आदल्या दिवशी त्याला कॉकपिटमध्ये बसतो तसं जमिनीवर पाय पसरून बसवलं आणि डोळ्यांपासून समोरच्या उंची-वेगाच्या काट्यांपर्यंत अंदाजे किती अंतर असतं, ते शिवणाच्या टेपने मोजून मी चिठ्ठीवर लिहिलं होतं.

दुकानदाराने विचारलं, "काका, जवळचं काय काय बघता?"

"पेपर! दुसरं काय?"

मी चिठ्ठी काढली, तर नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "ठेव ती. या वयात उडता कशाला, म्हणेल."

"अहो, मग उडू नका."

"तू गप्प बस."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

चष्मा पेपरच्या अंतराचा झाला. तो घालून पहिल्यांदाच उडाला, तेव्हा उतरताना भिंगाच्या खालच्या, वाचायच्या भागातून जमीन पुसट दिसली. ग्लायडर आपटलं, चाक मोडलं. हे त्याने मला घरी पाठ शेकताना सांगितलं. क्लबमध्ये मात्र सगळा दोष वाऱ्यावर ढकलून आला होता. पुढच्या रविवारी शिकाऊ मुलीला घेऊन उडणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तो दाढी करत असताना, मी क्लबला फोन लावला आणि चष्म्याचं सांगून टाकलं.