थोरलीचा प्रबंध

वसतिगृहाच्या आमच्या खोलीत सहा जणी होतो. चीनमधल्या लान्चौ शहरातल्या सगळ्या वसतिगृहांत चालतं तसंच आमच्याकडेही होतं: वयानं मोठी ती थोरली, मग दुसरी, तिसरी, आणि सगळ्यांच्या शेवटी मी, धाकटी. थोरलीचं खरं नाव न्ये ग्वेइजन. प्रवेश परीक्षा तिनं पुन्हा पुन्हा दिली होती, म्हणून वर्गातल्या सगळ्यांपेक्षा ती मोठी. "शेवटी पेपर तपासणाऱ्यांनाच माझा कंटाळा आला," असं ती हसत म्हणायची.

म्हणायची खरी, पण म्हणायला तिला वेळ लागायचा. थोरली अडखळत बोलायची. काही अक्षरं सुरळीत जायची आणि काही अक्षरांवर जीभ रुतून बसायची. 'त' हे त्यातलं सगळ्यात वाईट, त्यातही नावाच्या सुरुवातीला. आणि नशिबाचा खेळ असा की प्रबंधाला तिला मार्गदर्शक मिळाले त्वो सर. ती त्यांना नुसतं 'सर' म्हणून वेळ निभावायची.

शेवटच्या वर्षी भूगोल विभागात प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तीन शिक्षकांपुढे उभं राहून त्याचा बचाव करावा लागे. आमच्या तिसरीनं, मियाओ शूनं, विषय घेतला होता पर्यटनाचा विकास. "ह्याच्यावर लोकांनी इतकं शिजवून ठेवलंय की मला फक्त पळी फिरवायची आहे," ती म्हणाली. मी नदीकाठच्या बागा घेतल्या, कारण त्या माझ्या घराजवळ होत्या.

थोरलीला विषय सरांनीच दिला. ती डिंगशीच्या कोरड्या डोंगरांतली. तिकडे प्रत्येक अंगणात जमिनीखाली पावसाच्या पाण्याचं टाकं असतं, वर अरुंद तोंड आणि आत रुंद पोट. तिच्या लहानपणी एकाच पाण्यानं आधी सगळ्यांची तोंडं धुवायची आणि मग तेच पाणी डुकरांना जायचं. नंतर दूरच्या नदीचं पाणी नळानं आलं. त्वो सरांनी तेव्हा गावोगाव पाहणी करून एक लेख लिहिला होता: नळ आला की लोक टाकी सोडतात. त्या लेखामुळे सरांचं नाव झालं. "तुझ्या भागातली गावं राहिली आहेत. जाऊन खात्री करून ये," ते थोरलीला म्हणाले.

वसंतोत्सवाच्या, म्हणजे नववर्षाच्या ऐन थंडीतल्या सुट्टीत ती निघाली, तेव्हा मीही हट्टानं तिच्याबरोबर गेले. मला खेडं पाहायचं होतं. तिच्या वडिलांच्या तीनचाकीच्या मागे, बटाट्याच्या पोत्यांवर बसून आम्ही पिवळ्या मातीच्या त्या डोंगरांतून फिरत होतो. थोरली दारात जायची, प्रश्न विचारायची आणि कागदावर खूण करायची. उत्तर सगळीकडे एकच. टाकं? छे, बंद. आता नळ आहे.

असेच एका दुपारी आम्ही लू आजींकडे पोचलो. आजी खालून तापवलेल्या झोपायच्या ओट्यावर गोधडी पांघरून बसल्या होत्या.

"आजी, टाकं वापरता का अजून?" थोरलीनं विचारलं.

"कोण वापरतंय गं आता! सरकारनं नळ दिलाय की. टाकं बंद."

थोरलीनं खूण केली. आजींनी शेगडीवर बोटभर उंचीचं भांडं ठेवलं आणि चहा उकळत ठेवला. तिकडे असाच पितात, काळाकुट्ट, घोटभर. थंडीनं माझे ओठ फुटले होते. मी तो घोट घेतला आणि म्हटलं, "कडू आहे, पण काय छान आहे!"

"छान असणारच," आजी म्हणाल्या. "टाक्यातलं पाणी आहे. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. त्याचा चहा तुझ्या सासूला पाज."

मी हसले. थोरली हसली नाही. तिची पेन्सिल तशीच हातात राहिली.

"पण आजी, आ-आत्ता तर तुम्ही बंद म्हणालात."

"मग काय सांगायचं? मागे एक साहेब आले होते. म्हणाले, अजून खड्ड्यातलं पाणी पिता? कुठल्या जमान्यात राहता? गावासमोर लाज काढली. तेव्हापासून कोणी विचारलं की आम्ही सगळे बंद म्हणतो." आजींनी भांड्यात आणखी पाणी ओतलं. "आणि मी वापरते कुठे? मी फक्त चहा करते. आणि भात. आणि कोबी मुरवते."

परतताना थोरली खुणांचे कागद पुन्हा पुन्हा चाळत होती. मग तिनं वडिलांच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली.

"बाबा, सगळी घरं प-परत करायची."

"परत? आत्ताच तर झाली ती!"

"मी चुकीचं विचारलं."

"लोक म्हणतील, न्येची पोरगी विद्यापीठात गेली आणि विसरभोळी होऊन आली."

"म्हणू देत."

बाबांनी मान हलवली, बिडी विझवली आणि गाडी वळवली. मला वाटलं होतं की ते रागावतील. ते एवढंच म्हणाले, "मग आधी चांगल्या लोकांकडून सुरू करू. खडूस लोक शेवटी."

मी ठरल्या दिवशी घरी परतले. थोरली सुट्टीभर फिरत राहिली. दोन खोऱ्यांतली सगळी गावं तिनं नव्यानं केली. आता ती टाक्याचं नावही काढत नव्हती. चहा कशाचा करता, डुकरांना कुठलं पाणी, कपडे कशानं धुता, असं विचारायची. आधीच्या खुणांचे सगळे कागद तिनं आईला शेगडी पेटवायला देऊन टाकले. सुट्टी संपून ती खोलीत परतली तेव्हा गाल वाऱ्यानं लाल झाले होते आणि सोलवटले होते. तिसरी म्हणाली, "बाई गं, प्रबंध लिहायला गेली होतीस की मेंढ्या राखायला?"

थोरलीनं लिहिलं ते असं: नळ सगळ्यांनी घेतला, पण टाकं जवळजवळ कोणीच सोडलं नाही. नळाचं पाणी अंघोळीला, कपड्यांना. टाक्याचं पाणी तोंडात जाणाऱ्या सगळ्याला. आणि 'वापरता का' असं विचारलं तर लोक लाजेनं नाही म्हणतात.

सरांनी मसुदा वाचून तिला बोलावलं. परत आल्यावर तिनं आम्हाला सगळं सांगितलं.

"सर म्हणाले, निष्कर्ष बदल. मी म्हटलं, न-नाही बदलता येत."

"असं तोंडावर म्हणालीस?" तिसरी पलंगावरून उठून बसली. "अगं, त्यांची सही लागते! त्यांच्या लेखावर तू पाणी ओततेस, आणि तेही टाक्यातलं!"

"सही केली त्यांनी."

"केली?"

"म्हणाले, तू वाचलंस, तू फिरलीस, त्यामुळे सही करतो. पण ब-बचाव तुझा तू कर. त्या खोलीत मी तुझ्या बाजूनं एक शब्द बोलणार नाही."

पुढच्या आठवड्यात विभागातून आणखी एक निरोप आला. परीक्षक मंडळाच्या प्रमुख श्वे बाई भल्या मनाच्या होत्या. त्यांनी कळवलं की न्ये ग्वेइजनला बोलण्याचा त्रास आहे, तेव्हा तिनं उत्तरं लिहून दिली तरी चालेल. आम्ही सगळ्या खूश झालो. थोरली मात्र लगेच नाही म्हणाली.

"का पण?" मी विचारलं.

"लिहून दिलं की ते वाचणार आणि संपणार. मग पुढचा प्रश्न क-कसा विचारणार मला?"

तिला पुढचा प्रश्न हवा होता! आम्ही बाकीच्या पाच जणी पहिलाच प्रश्न येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होतो.

मग सराव सुरू झाला. तिसरी चष्मा नाकाच्या टोकावर आणून परीक्षक व्हायची. "मुली, तुझ्या ह्या खड्ड्यांचा देशाला उपयोग काय?" थोरली उत्तर द्यायला लागायची, अडकायची, आम्ही तिचं वाक्य पुरं करायला धावायचो आणि ती हात वर करायची. थांबा. माझं मी करते. तेवढ्या दिवसांत मी एक शिकले, समोरच्याला त्याचं वाक्य संपवू द्यायला.

बचावाच्या दिवशी वर्ग गच्च भरला होता. थोरलीनं पांढरा सदरा घातला होता, आमच्या खोलीतल्या दुसरीचा उसना घेतलेला, बाह्या जरा आखूड. त्वो सर सगळ्यात मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

मांडणी तिनं सावकाश केली. दोनदा अडकली. कोणीतरी मागून खुसखुसलं आणि तिसरीनं वळून असं पाहिलं की तो मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मग कुआंग सर, परीक्षकांतले सगळ्यात तरुण, पुढे वाकले.

"तुमच्याच विभागात ह्याच विषयावर एक मान्यताप्राप्त लेख आहे. तो तुमच्या अगदी उलट सांगतो. कोणाचा लेख ते तुम्हाला माहीत असेलच. मग दोघांपैकी चूक कोण?"

थोरलीला सरांचं नाव घ्यायचं होतं, आणि ते नाव 'त'नं सुरू होत होतं. ती 'त'वर अडकली. पुन्हा अडकली. मान ताठ झाली, डोळे मिटले. श्वे बाई हळूच म्हणाल्या, "असू दे, पुढे बोल." थोरलीनं मान हलवून नाही म्हटलं. तिनं टेबलाची कड धरली, श्वास सोडला आणि पुन्हा सुरुवात केली.

"त... त्वो सरांची मोजणी बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर तेच येतं. मलाही आधी तेच आलं होतं. प्रश्न चुकला होता. त्यांचाही आणि म-माझाही."

कुआंग सरांनी मागे पाहिलं. श्वे बाईंनीही पाहिलं. "त्वो सर, तुम्हाला काही विचारायचंय?"

सर उभे राहिले. मला वाटलं, आता संपलं.

"लोकांनी मला ऐकायला बरं वाटेल ते सांगितलं, असं तुझं म्हणणं," ते म्हणाले. "मग तुलाही तसंच सांगितलं नसेल कशावरून? तू तर त्यांच्यातलीच. टाक्याचा चहा सांगितला की तुला बरं वाटणार."

"शक्य आहे, सर," थोरली म्हणाली. "म्हणून मी नुसत्या स-सांगण्यावर विसंबले नाही. प्रत्येक अंगणात जाऊन टाक्याच्या बादलीचा दोर पाहिला. थंडीत वापरातल्या दोरावर बर्फ धरतो. पडून राहिलेला दोर कोरडा असतो, त्यावर धूळ असते. जिथे दोर कोरडा होता, ती घरं मी टाकं वापरणाऱ्यांत मोजलीच नाहीत."

सरांनी एकदा मान डोलावली. "ठीक," म्हणाले आणि बसले.

बाहेर आल्यावर तिसरी भडकली होती. "म्हातारा! शब्द बोलणार नाही म्हणाला आणि शेवटी सगळ्यात खवचट प्रश्न त्यानंच काढला!"

"दोराचं सगळं प्रबंधात आहे," थोरली म्हणाली. "सरांनी व-वाचलंय ते. उत्तर माहीत असूनच विचारलं."

तिसरीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "अस्सं!"

थोरलीला श्रेणी 'चांगली' मिळाली, 'उत्कृष्ट' नाही. गावं थोडी आणि एकाच भागातली, असा शेरा होता. शेरा बरोबर आहे असं तिचं मत पडलं. गल्लीच्या तोंडाशी आम्ही सगळ्या बीफ नूडल्स खायला गेलो, तिथे तिनं तिखट ओतून दोन वाडगे रिचवले आणि तिसरा मागवावा का ह्यावर गंभीर विचार केला.

पुढच्या वर्षी सरांनी जुनी प्रश्नावली फेकून दिली. नव्या विद्यार्थ्यांना ते सांगायचे, "चहापासून सुरुवात करा. हे मला न्ये ग्वेइजननं शिकवलं." हे मला खालच्या वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं. थोरलीला ते कधी थेट बोलले की नाही, मला माहीत नाही.

थोरली तिच्याच भागात पाण्याच्या कचेरीत लागली. टाकी बुजवायला निघालेलं एक काम तिनं वरिष्ठांशी भांडून थांबवलं आणि तोच पैसा टाकी दुरुस्त करायला लावला. गावकऱ्यांचे फोन तीच घेते. मागे एकदा मी गेले होते, तेव्हा कचेरीच्या दारात एक गावकरी दुसऱ्याला सांगत होता, "न्ये बाईंना लाव. वेळ लागतो, पण मध्येच फोन ठेवत नाहीत."

गेल्या हिवाळ्यात आमच्या सहा जणींच्या गटावर तिचा संदेश आला. नोकरी सांभाळून पुढची पदवी घ्यायची ठरवली आहे, पुन्हा प्रबंध लिहायचा आहे. तिसरीनं लगेच आवाजी संदेश टाकला: "तुला वेड लागलंय का थोरले? एकदा वाचलीस ना?" थोरलीनंही उत्तर बोलूनच पाठवलं. ते बरंच लांब होतं, कारण दोन शब्दांवर ती अडली होती. आम्ही सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. ह्या वेळी तिला शेजारच्या जिल्ह्यातली गावं घ्यायची होती, आणि कोणाला यायचं असेल तर बाबांची तीनचाकी अजून चालते, असं ती म्हणत होती.