लवूकाकांची डिक्शनरी

परळच्या एका डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये कॉम्प्युटरचं जे बिघडेल ते फ्लॅवियाच्या अंगावर येतं. प्रिंटर अडला, बोलवा फ्लॅवियाला. माऊस चालेना, फ्लॅविया कुठाय? गिरगावात वाढलेली, चाळिशी ओलांडलेली ही बाई जिभेची तिखट, पण मशीनला हात लावताना फार सावध. आधी तिथे बसणाऱ्याला विचारणार, "यात तुझं काय काय आहे?"

सेंटरमध्ये एक जुनं दुखणं होतं. एक्स-रे दाखवणारी वेबसाइट फक्त जुन्या ब्राउझरमध्ये उघडायची. म्हणून फ्लॅवियाने प्रत्येक मशीनवर जुना आणि नवा असे दोन ब्राउझर ठेवले होते, प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं. प्रोफाइल म्हणजे एक फोल्डर. माणसाचे पासवर्ड, बुकमार्क, सगळा संसार त्यात. ते एकदा नव्या ब्राउझरने उघडलं की जुना त्याला ओळखही देत नाही. हेड ऑफिसच्या अमितला तिने हे मेलवर कळवलं होतं, फोनवरही सांगितलं होतं.

"नोटेड," अमित म्हणाला होता.

आणि सोमवारी सकाळी, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत गेलेली असताना, त्याने तिकडून अपग्रेड सोडलं. जुना ब्राउझर गायब, नवा कोराकरकरीत.

"मॅडम, माझं सगळं उडालं!" रिसेप्शनवरून अंबिका ओरडली. "एक पासवर्ड आठवेल तर शपथ!"

"उडालं नाहीये. कशाला हात लावू नकोस, मी येते."

खरंच उडालं नव्हतं. नव्या ब्राउझरने स्वतःसाठी रिकामं प्रोफाइल बनवलं होतं, जुनी फोल्डरं डिस्कवर तशीच होती. फ्लॅविया एकेका मशीनवर बसून ती परत जोडत गेली. एक्स-रेसाठी जुना ब्राउझर पुन्हा टाकला. मागे पेशंट करवादत होते, डॉक्टर दर थोड्या वेळाने "झालं का?" विचारत होते. चहा आला तसाच गार झाला.

शेवटी ती रिपोर्ट टाइप करणाऱ्या लवूकाकांकडे पोचली. लालबागचे लवूकाका निवृत्तीला आलेले. स्क्रीनवर त्यांचा रिपोर्ट उघडा होता आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ.

"माझे शब्द खंय गेले गो?" त्यांनी हळूच विचारलं.

ब्राउझरला न कळणारे आजारांचे, औषधांचे, डॉक्टरांच्या आडनावांचे शब्द ते वर्षानुवर्षं त्याच्या डिक्शनरीत भरत आले होते. लाल रेघ दिसली की चूक आपलीच, इतका त्यांचा त्यावर भरवसा. ती डिक्शनरीही प्रोफाइलमध्येच असते. फ्लॅवियाने फोल्डर शोधलं. नव्हतं. तिने अमितला फोन लावला.

"त्या मशीनची डिस्क फुल होती गं. जुनं प्रोफाइल डिलीट केलं टीमने. बॅकअप नाही तुझ्याकडे?"

"बॅकअपसाठी डिस्क मागितली होती. 'बजेटमध्ये बसत नाही' कोण म्हणालं?"

"एका माणसाच्या स्पेलिंगसाठी एवढं काय?"

तिने फोन ठेवला. रडू येण्याइतका राग आला होता. मग तिला आठवलं, काकांचं आधीचं मशीन अजून माळ्यावर पडून होतं. ते उतरवलं, झटकलं, सुरू केलं. त्यात जुन्या प्रोफाइलची प्रत निघाली, पण मशीन बदललं तेव्हाचीच. निम्मे शब्द परत आले. उरलेल्यांसाठी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत ती काकांशेजारी बसली. ते जुने रिपोर्ट वाचायचे, ती शब्द भरायची. काका एका अक्षराने तक्रार करत नव्हते, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

शुक्रवारी हेड ऑफिसचा मेल आला : अपग्रेड शंभर टक्के यशस्वी. तासाभरात अमितचा फोन.

"ऐक ना, बाकीच्या सेंटरना एक्स-रे दिसत नाहीयेत. सगळीकडे जुना ब्राउझर परत टाकतोय. आत्ताच सोडतो."

नव्यात उघडलेलं प्रोफाइल जुना ब्राउझर ओळखणार नाही, काकांचे शब्द पुन्हा जातील, हे फ्लॅवियाच्या लगेच लक्षात आलं. ती म्हणाली, "इथे आमचे एक्स-रे दिसतायत, अमित. आमच्या मशीनना तू हात लावायचा नाहीस."

"पॉलिसी सगळ्यांना सारखी असते."

"मग पॉलिसीला इथे रिसेप्शनवर बसव."

"बरं, परळ वगळतो. पण मेलवर लिहून दे, जबाबदारी तुझी."

तिने लगेच लिहून पाठवलं. मग सगळ्या प्रोफाइलच्या प्रती काढण्यासाठी बाजारातून स्वतःच एक डिस्क घेऊन आली, आणि पहिली प्रत लवूकाकांच्या मशीनची काढली.