कमीत कमी पंचावन्न

माझ्या धाकट्या भावाला धावपट्टीवर सगळे जाड्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि हा गाढव ओ द्यायचा. मी तिथलंच कॅन्टीन चालवते, त्यामुळे दिवसभर कानांवर तेच. पायलटला कोणी जाड्या म्हणतं का हो? पण मोठ्या विमानांचे पायलट वेगळे आणि आमचा वेगळा. आमचं विमान म्हणजे दोन सीटचं खेळणं. पुढे भाऊ, मागे हौसेने चक्कर मारायला आलेला पाहुणा.

त्या खेळण्याचा सगळा जीव वजनात. विमान, पेट्रोल, माणसं, पिशव्या मिळून सहाशे किलो, त्यावर रत्तीभरही नाही. टाकी भरली की दोन माणसांसाठी एकशे सत्तर उरायचे. त्यातले अठ्ठ्याण्णव माझा भाऊच खायचा. म्हणजे पाहुणा बहात्तरच्या आतला हवा. आता खिसा गरम असलेली माणसं बहात्तरची असतात होय? पाहुणा काट्यावर चढायचा, विमानाचा मिस्त्री नकारार्थी मान हलवायचा, पाहुणा तोंड पाडून आपल्या गाडीत जाऊन बसायचा. मग विमानाचा मालक भावावर घसरायचा, "खायला काळ आणि भुईला भार! तू बसलास की गिऱ्हाईक खाली राहतं."

एकदा मालक म्हणाला, "चार-आठ किलोंनी काय होतंय? घे रे त्यांना." भावाने साफ नकार दिला. तेवढ्यापुरता तो शहाणा होता. त्या दिवशी त्याने मला विमानातली वेगाची तबकडी दाखवली. "ताई, ही पांढरी पट्टी जिथे सुरू होते ना, त्याखाली वेग उतरला की विमान हवेत टिकत नाही, दगडासारखं बसतं. वजन वाढलं की हा आकडाही वर चढतो, पण पट्टी रंगवलेली, ती थोडीच सरकणार? आणि हे दुसरं टोक, तांबडी रेघ. तिच्यापुढे पळवलं तर पंख जातील."

"मग मालकाला सांग की हे."

"त्याला काय सांगायचं? त्याने सडपातळ पायलट बघून ठेवलाय. पुढच्या महिन्यात त्याला बसवतो म्हणतो." थोडा वेळ तबकडी पुसत बसला, मग म्हणाला, "मीच वजन कमी करतो ना."

ती पुढची सीट गेली असती तर याच्याकडे उरलं काय असतं? बायको केली नाही, घर बांधलं नाही, दुसरं काही शिकला नाही. जमिनीवर हा माणूस म्हणजे नुसता खुर्ची अडवणारा. म्हणून त्याने ताट सोडलं. आधी रात्रीचं, मग सकाळचं. माझ्या हातचं खाणारा हा, माझ्याच कॅन्टीनमध्ये नुसतं गरम पाणी पीत बसायला लागला.

पुढे पुढे तर त्याला भूकच लागेना. "मन मारलं की सगळं जमतं," म्हणायचा. मन कसलं मारतोय, पोटात काहीतरी बिघडलंय, असं माझं मत. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणे, "नको. गोळ्यांनी वजन वाढतं."

आणि तिकडे कौतुकाला नुसता ऊत. दर सोमवारी हा काट्यावर उभा राहिला की टाळ्या. नव्वद झाला, टाळ्या. सत्तर झाला, मालकाने पाठ थोपटली. "जाड्या, तुझ्यामुळे आता भले भले पाहुणे बसतात बघ!" सडपातळ पायलटचं नावही कोणी काढेना. गालफडं बसली, डोळे आत गेले, शर्ट हँगरला लटकावल्यासारखा लोंबायला लागला, तरी टाळ्या थांबेनात. जिथे हलकं असणं हाच गुण, तिथे माणूस आटतोय हे कोणाला दिसणार? मला दिसत होतं. पण चहावालीचं कोण ऐकतो!

मग एका सोमवारी काटा बावन्नवर थांबला. टाळ्या सुरू झाल्या, पण मिस्त्रीने हात वर केला. चष्मा लावला आणि विमानातली धातूची पट्टी मोठ्याने वाचली. पुढची सीट, जास्तीत जास्त एकशे दहा. इतकी वर्षं सगळ्यांनी एवढंच वाचलेलं. खाली दुसरी ओळ होती. कमीत कमी पंचावन्न.

"पुढे कमी पडलं तर शेपूट जड होतं," मिस्त्री म्हणाला. "नाक वर जातं, वेग मरतो. याला उडवता येणार नाही."

मालकाने घड्याळ बघितलं. पाहुणे ताटकळत होते. "मग वाळूची पिशवी बांध सीटखाली. एवढं काय आभाळ कोसळलंय?"

मिस्त्रीने पिशवी भरली, बांधली आणि जुन्या सवयीने तिच्यावर खडूने नाव लिहिलं: जाड्या. मी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर धावले. "अरे, माणूस आहे तो! माणूस कमी पडला तर वाळू भरता? लाजा वाटतात का?"

भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, सगळ्यांसमोर नको ना." आणि उडाला. उतरल्यावर त्याला सीटमधून उठता येईना. मिस्त्रीने त्याला लहान पोरासारखं उचलून बाहेर काढलं.

डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "भूक कधीपासून गेली?" भावाने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या केल्या. मग मला बाहेर बोलावून म्हणाले की गाठ पोटात फार आधीपासून आहे, आता उशीर झालाय.

शेवटपर्यंत एकच घोकणं. "ताई, भरव गं. पंचावन्न झालो की सीट माझीच." मी भरवायची, तो ओकायचा, पुन्हा आ करायचा. मालक एकदाही फिरकला नाही. सडपातळ पायलट मात्र भाऊ दवाखान्यात गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सीटवर बसला.

भाऊ गेल्यावर मालकाचा ड्रायव्हर त्याचं सामान घेऊन दारात आला. टोपी, बूट, काळा चष्मा. आणि ती वाळूची पिशवी. नाव थोडं पुसलं होतं, पण वाचता येत होतं.

"ही कशाला?" मी विचारलं.

ड्रायव्हर जमिनीकडे बघत म्हणाला, "मालक म्हणाले, त्याच्या वजनातलीच आहे. नव्याला लागत नाही."

मी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. जड कसली, माझ्या पिठाच्या डब्यापेक्षाही हलकी.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मालकाला विचार, बाकीचा भाऊ कधी पाठवताय?"